अलाइनमेंट झाले, तरी गाडी डावीकडेच का ओढते?

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी नऊ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आदळले आणि तेव्हापासून गाडी सतत डावीकडे ओढते. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून घेतले. दोन्हीकडे ‘आता सगळे बरोबर आहे’ असे सांगितले गेले. चारही चाकांत ३३ पीएसआय हवा आहे. आता गॅरेजवाले पुढचे दोन्ही टायर बदलायला सांगत आहेत. टायर जेमतेम वर्षभराचे आहेत. दुसऱ्या वेळच्या अलाइनमेंटचा कागद सोबत पाठवत आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण अलाइनमेंटचा कागद पाठवलात, हे फार बरे केलेत, कारण या दुखण्याचा माग त्याच कागदावर आहे. मात्र त्यावरील आकड्यांकडे वळण्याआधी काही साध्या गोष्टी नजरेखालून घातलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट रस्त्याची. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. तो साधारणपणे रुंदीच्या दर मीटरला दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे अगदी निरोगी गाडीही स्टिअरिंगवरची पकड सैल करताच हळूहळू डावीकडे सरकते. हा दोष नव्हे. शंका असल्यास त्याच पट्ट्यावर, त्याच वेगाने शेजाऱ्यांची किंवा मित्राची गाडी चालवून पाहावी. आपली गाडी मात्र गावातल्या सपाट मैदानातही डावीकडे जाते आणि सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंगला उजवीकडे सतत जोर द्यावा लागतो, असे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. तेव्हा रस्त्याला दोष देता येणार नाही.

हवेच्या बाबतीत एकच सांगतो. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतात आणि तिथले मापकही कधी कधी भलतेच आकडे दाखवते. त्यामुळे सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, एकाच मापकाने पुढच्या दोन्ही चाकांची हवा मोजावी. ज्या चाकात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

आता टायर. नवा, गुळगुळीत धावणारा टायरसुद्धा गाडी ओढू शकतो, हे खरे आहे. टायरच्या आतील पट्टे बनताना किंवा आदळल्यामुळे किंचित सरकले, तर तो टायर नळकांड्यासारखा न राहता नकळत शंकूसारखा वागू लागतो. शेंगदाण्याची कागदी पुडी जमिनीवर लोळवली, तर ती सरळ न जाता निमुळत्या टोकाकडे वळते. तसेच हे आहे. पण याची परीक्षा फुकट होते. पुढचे डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवावे आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. ओढ उजवीकडे गेली तर टायर दोषी. ओढ तशीच डावीकडे राहिली तर टायर निर्दोष. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र बाजू बदलू नयेत. त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपसात बदलावे. ही अर्ध्या तासाची परीक्षा न करता दोन टायर विकत घ्यायला सांगणे मला पटत नाही.

ब्रेक अडकून राहणे हेही असेच एक कारण. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थांबावे आणि दोन्ही पुढच्या रिमच्या जवळ हात नेऊन पाहावे. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले जाणवले, तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा चिमटा, सुटत नाही असे समजावे. डिस्कला मात्र कधीही हात लावू नये.

आता आपल्या कागदाकडे येऊ. अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन कोन मोजले जातात. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणे. कॅस्टर समजायला थोडा अवघड आहे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून तिरका असतो आणि हात सोडले तरी वेगात असलेली सायकल सरळ जाते, त्यात या तिरकेपणाचाही वाटा असतो. मोटारीच्या पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाला जो असा मागे झुकाव असतो, तो कॅस्टर.

या तिघांपैकी गाडीला सहसा न ओढणारा कोन म्हणजे टो, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या बाजूला पाना लावून बदलता येणारा कोनही टो एवढाच असतो. पुढची दोन्ही चाके टाय रॉडने एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे टोचा बिघाड दोघांत वाटला जातो. मग स्टिअरिंग वाकडे राहते, टायर झिजतात, पण गाडी सरळ धावते. म्हणजे दोन्ही दुकानांनी जे बदलता येते ते बदलले आणि ‘सगळे बरोबर’ म्हणून सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते खोटे नव्हते, पण आपल्या दुखण्याशी त्याचा संबंधही नव्हता.

आपल्या कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १० कला (एका अंशाच्या ६० कला) आणि उजव्याचा उणे २० कला आहे. हा फरक क्षुल्लक आहे. दोन बाजूंत साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कलांचा फरक पडला की ओढ जाणवू लागते. कॅस्टर मात्र डावीकडे २ अंश ५ कला आणि उजवीकडे ३ अंश आहे. जवळजवळ एक अंशाचा हा फरक आहे, आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. खड्ड्याच्या कडेने डावे चाक मागे ढकलले गेले की नेमके हेच घडते. पहिल्या दुकानाच्या कागदावर कॅस्टरची जागा कोरी होती, असे आपण लिहिले आहे. त्याचे कारण सरळ आहे. कॅस्टर मोजण्यासाठी स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ठरावीक अंशांनी वळवावे लागते, आणि घाईच्या वेळी ही पायरी गाळली जाते.

घरच्या घरी खात्री करायची असेल, तर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. डावीकडचे अंतर काही मिलिमीटरनेही कमी भरले, तर चाक मागे सरकले आहे. (१९६१ साली आलेल्या रेनो ४ या फ्रेंच गाडीत दोन बाजूंची ही अंतरे मुळातच वेगळी ठेवलेली होती, आपल्या गाडीत तसे नाही.) गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन चाकाला खालून धरणारा डावा लोअर आर्म वाकला आहे का, त्याचा मागचा बुश (रबरी सांधा) फाटला आहे का आणि हे सारे ज्याला जोडलेले असते तो खालचा क्रॉस मेंबर जागचा हलला आहे का, हे याच क्रमाने पाहायला सांगावे. वाकलेला आर्म ठोकून सरळ करून घेऊ नये, नवाच बसवावा. त्यानंतर अलाइनमेंट करावे आणि कॅस्टरसह पूर्ण कागद मागून घ्यावा.

प्रश्न : माझी गाडी एरवी सरळ चालते, पण ब्रेक दाबला की उजवीकडे जाते. पावसाळ्यात ती दोन महिने अंगणात उभी होती. उजव्या बाजूचे ब्रेक पॅड बदलले, तरी फरक नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे येथे झाले आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी त्या बाजूला जाते जिथला ब्रेक नीट धरतो. म्हणजे उजवा ब्रेक ठीक आहे आणि डावा पुरेसा धरत नाही. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत गाडी उभी राहिली की कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून घट्ट होतात. डावा कॅलिपर उघडून त्या पिना साफ कराव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. पॅड ढकलणारा पिस्टन मोकळा सरकतो का आणि ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज आतून बुजला नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. अपवाद एकच. ब्रेक सोडल्यावरही ओढ कायम राहत असेल आणि उजवे चाक तापत असेल, तर मात्र उजवा कॅलिपर अडकलेला आहे. कोणतीही बाजू असली, तरी हे काम होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.