पंधरा लाखांचे दान: याच वर्षी एकरकमी की टप्प्याटप्प्याने?

सहकारनगर, पुणे येथील एका निवृत्त शासकीय अभियंत्यांचा प्रश्न: माझे वय ६६, पत्नीचे ६१. मला दरमहा ६०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते आणि घरखर्च सुमारे ४८,००० रुपये आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख आणि बँकेच्या मुदत ठेवींत ३६ लाख रुपये आहेत. आईवडिलांच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये द्यायचे आहेत: ९ लाख गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात माडिया आदिवासी मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या एका लहान संस्थेला आणि ६ लाख युगांडातील खेड्यांत विंधन विहिरी खोदणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेला. या दुसऱ्या संस्थेची माहिती लीड्सला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने दिली. देणगीवरची ८०जी कलमाची आयकर सवलत मिळेलच, तर ठेव मोडून हे याच वर्षी करावे का?

दान अवश्य करावे, परंतु एकरकमी करू नये, आणि करसवलत हे त्याचे कारण तर मुळीच धरू नये. बचत योजनेचे ८.२ टक्के दराने होणारे २.४६ लाखांचे व्याज आणि ठेवींचे अंदाजे २.५ लाखांचे व्याज धरून तुमचे वार्षिक उत्पन्न १२.१६ लाखांच्या आसपास जाते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर ते १२ लाखांच्या आत येते आणि कर शून्य होतो. या प्रणालीत ८०जी ची वजावट मिळत नाही. ती मिळवण्यासाठी जुन्या प्रणालीत गेलात, तर अशा संस्थांना दिलेल्या देणगीपैकी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम विचारात घेतली जाते आणि तिच्याही निम्मीच वजावट मिळते. म्हणजे ९ लाख देऊन हाती ५५-५६ हजारांची वजावट येईल, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येणार नाही, आणि इतर मोठ्या वजावटी नसतील तर सुमारे १.३ लाखांचा कर मात्र भरावा लागेल. ब्रिटिश संस्थेला थेट पाठवलेल्या पैशांवर तर ही सवलत नाहीच.

खरा प्रश्न तुमच्या पत्नीच्या पुढील पंचवीस-तीस वर्षांचा आहे. तुमचे मूळ निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के असेल, तर तुमच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे ३० टक्के असते. घरखर्च त्या प्रमाणात घटत नाही. एका माणसालाही वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कामवाल्या बाईंचा पगार द्यावाच लागतो. ती तूट ठेवींच्या व्याजातून भरून निघायची आहे, आणि १५ लाख बाहेर गेले की त्या व्याजातले वर्षाला लाखभर रुपये कमी होतात. आरोग्य विम्याविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. तो नसेल किंवा अपुरा असेल, तर आधी त्याची व्यवस्था करावी.

आता संस्थांकडे वळू. वसतिगृहाचा खर्च दरमहाचा असतो: धान्य, स्वयंपाकी, अधीक्षक, पावसाळ्यात रस्ते बंद होण्यापूर्वी भरून ठेवायचा शिधा. अशा संस्थेला एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी ठरल्याप्रमाणे येणारी रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर माणसे कामावर ठेवता येतात. म्हणून माझी सूचना अशी की ३ लाख आता ठेवीतून द्यावेत आणि पुढील पाच वर्षे दरवर्षी १.२ लाख निवृत्तिवेतनाच्या शिलकीतून द्यावेत. तुमचे ९ लाख पूर्ण होतील आणि मुद्दलाला फारसा धक्का लागणार नाही. पहिला धनादेश देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी पाहावी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागावेत आणि एका मुलामागे वर्षाला किती खर्च येतो हे विचारावे. संस्था लहान आहे म्हणून हिशेब मागायला संकोचू नये. गडचिरोलीतच ‘सर्च’ या आरोग्यक्षेत्रातील संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, मृत्यू मोजले, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. एका वसतिगृहाकडून असे संशोधन अपेक्षित नाही, पण किती मुले दहावीपर्यंत टिकली एवढे तरी त्यांना सांगता आले पाहिजे.

विहिरींच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. विहीर खोदणे आणि नावाची पाटी लावणे सोपे असते. हातपंप पाच वर्षांनी चालू ठेवणे अवघड. सोलापूर पंपावरून विकसित झालेला ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप आज युगांडातही वापरला जातो, आणि तिथेही तो आपल्याकडच्यासारखाच बंद पडतो: सुटे भाग मिळत नाहीत, गंजलेले पाइप बदलायला पैसे नसतात, दुरुस्ती करणारा दूरच्या गावी असतो. या संस्थेने पूर्वी खोदलेल्या विहिरींपैकी किती आज चालू आहेत आणि गावाची पाणी समिती देखभालीसाठी पैसे गोळा करते का, याची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

उत्तरे समाधानकारक असली, तरी ती रक्कम तुम्ही न पाठवता मुलीने तिच्या पगारातून द्यावी. तुम्हाला परदेशी पैसे पाठवता येतात, १० लाखांच्या आतील रकमेवर टीसीएसही (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर) कापला जात नाही. परंतु ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर भरणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या पैशातून देणगी दिली, तर ‘गिफ्ट एड’ योजनेत संस्थेला प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स अधिक मिळतात. तुमच्या पैशावर ते मिळणार नाहीत. मुलीला पुढे भामरागडलाही काही द्यायचे असेल, तर ती भारतीय नागरिक असेपर्यंत तिची बचत परकीय देणगी ठरत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर मात्र ठरते, आणि मग वसतिगृहाकडे परकीय देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी असावी लागते.

तुमचे ६ लाख ठेवीतच राहू द्यावेत आणि तुम्हा दोघांच्या पश्चात ते कोणाला जावेत हे मृत्युपत्रात लिहावे. केवळ नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही; मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि संस्थेचे नाव तिच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच, नोंदणी क्रमांकासह लिहावे, कारण सारख्या नावांचे न्यास पुष्कळ आहेत.