हॉलमधलं नेटवर्क उभं करायला जातेयस तर

अगं, तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण ऐरोलीला नाइट होती माझी, त्यामुळे आज दुपारी ठाण्याला घरी आल्यावर जेवून निवांत लिहायला बसलेय. वाशीच्या कॉन्फरन्सला नेटवर्क टीममध्ये व्हॉलंटियर म्हणून जाऊ का, पैसे तर काहीच मिळणार नाहीत, वर आई म्हणते फुकट राबवून घेतील, असं तू विचारलंयस. आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, राबवून घेतातच. तरी जा.

हे प्रकरण काय असतं ते आधी सांगते, कारण तुला बहुतेक वाटतंय की चार राउटर लावायचे आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा. अमेरिकेत दर नोव्हेंबरला सुपरकंप्युटिंगची मोठी कॉन्फरन्स भरते, तिचं नेटवर्क एससीनेट नावाची व्हॉलंटियर टीम 1991 पासून उभं करतेय. वर्षभर प्लॅनिंग, मग काही आठवडे उभारणी, कॉन्फरन्सचे मोजके दिवस चालवायचं आणि लगेच सगळं सोडवून खोक्यात भरायचं. 2024 ला अटलांटात त्यांनी हॉलमध्ये 8.71 टेराबिट आणलं होतं सेकंदाला, म्हणजे तुझ्या घरचं 100 एमबीपीएसचं कनेक्शन धरलं तर तशी 87 हजार घरं. सामान बरंचसं कंपन्यांकडून उसनं आणलेलं. वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतलं गणपती मंडळच आठवलं, मंडप उसना, सतरंज्या उसन्या, पोरं फुकटची, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रस्ता असा मोकळा की इथे काही होतं असं कोणी म्हणणार नाही. 2015 पासून त्यांनी बायकांना या टीममध्ये आणायला विन्स नावाचा वेगळा कार्यक्रमही चालू केला, शोधून वाच एकदा.

आपल्या वाशीतलं काम त्याच्या नखाएवढं असणार. पण रचना तीच, आणि दुखणीही तीच.

टेराबिटचा आकडा ऐकून भुलू नकोस हं. तू पहिल्या दिवशी जे करशील ते म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये उकाड्यात गुडघ्यावर बसून केबल टाकणं, कारण एसी चालू करतात उद्घाटनाच्या दिवशी. सुतार स्टॉल ठोकत असतात, कार्पेटवाला तुझ्या केबलवरून बिनधास्त कार्पेट अंथरतो आणि वर स्टेपल मारतो, फोर्कलिफ्टवाल्याला तर खाली काय आहे याच्याशी देणंघेणंच नसतं. या लोकांशी पहिल्याच सकाळी चहा पिऊन ओळख करून घे. मी मनापासून सांगतेय, इलेक्ट्रिशियनला काका म्हणून हाक मारलीस आणि कुठला डीबी, म्हणजे विजेचा वाटप-बोर्ड, रात्री बंद होणार ते विचारून ठेवलंस तर तुझं निम्मं काम झालं, नाहीतर रात्री दहाला तो मेन पाडून घरी जातो आणि तुमचे स्विच सगळे झोपतात.

फायबरचं मात्र नीट समजून घे. पिवळी पॅचकॉर्ड दिसली की ती सिंगल मोड, तिच्यात उजेड जातो ती वाट जेमतेम 9 मायक्रॉनची, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणजे तू टोकाला नुसतं बोट लावलंस ना तर त्या तेलाच्या डागाखाली सगळी वाट बुजली. नवीन पाकिटातली कॉर्ड आहे म्हणून स्वच्छ असेल असं धरू नको, टोक मोठं करून पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपने बघ, फायबर क्लीनरने पूस, परत बघ आणि मगच लाव. आणि स्कोप सोडून नुसत्या डोळ्याने टोकात कधीही, कधीही बघायचं नाही, तो उजेड दिसत नसतो म्हणून तर धोका.

वायफायचं थोडक्यात सांगते. रिकाम्या हॉलमध्ये टेस्ट करून खूश होऊ नका. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, हजार माणसं आत आली की सिग्नल पिऊन टाकतात, आणि 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, त्यामुळे 5 गिगाहर्ट्झवरच भिस्त ठेवा. दुसरं म्हणजे आयपी पत्ते, नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक लागतो. /24 चा सबनेट, म्हणजे पत्त्यांचा एक गट, दिला की पत्ते 254, आणि हल्ली प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, घड्याळ, त्यात फोन मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राची ओळख, बदलून येतात, आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, जर दिवसभराची ठेवली असेल तर सकाळी आत डोकावून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत पत्ता अडवून बसतो. पत्त्यांचा पूल मोठा ठेवा, लीज छोटी ठेवा. झालं.

आता जे सांगायला खरं म्हणजे हे पत्र लिहितेय ते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मी अशाच एका टीममध्ये पहिल्यांदा गेले होते, वाशीचाच एक हॉल, कॉन्फरन्स दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार. एका स्टॉलवाल्यांना मोठ्या फाइल बाहेरगावी पाठवून दाखवायच्या होत्या. सेकंदाला दहा गिगाबिटचा एक प्रवाह अमेरिकेपर्यंत न्यायचा, जाऊन-येऊन 200 मिलिसेकंद धर, तर कुठल्याही क्षणी 250 एमबी माल नुसता वाटेत असतो, मध्ये जरा गळती झाली की वेग कोसळतो. म्हणून सगळीकडे एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, 9000 बाइट करायचं ठरलं होतं, मोठी पाकिटं. संध्याकाळी पाचला मधला एक स्विच हँग झाला, मी तो बदलला, नवा लावला, पिंग केलं, म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारून बघितली, उत्तर आलं, मी चहाला गेले. नव्या स्विचवर एमटीयू 1500 च राहिलं होतं.

रात्री नऊला स्टॉलवाले आले की लॉगिन होतंय पण फाइल पाठवली की अडकते. हे या आजाराचं लक्षण अगदी पुस्तकी आहे, छोटी पाकिटं जातात, मोठी तो स्विच गपचूप टाकून देतो, कुणाला कळवतसुद्धा नाही, आणि साधं पिंग पडलं छोटं, म्हणून ते हसत हसत पास होतं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पण एवढं माहीत होतं की पाच वाजता त्या वाटेवरच्या एका खोक्याला मी हात लावलाय. आणि मी बोलले नाही. नवीन होते, टीममध्ये मुलगी एकटीच, वाटलं म्हणतील बघा हिने घोळ घातला. चौघंजण फायबर पुसत होते, ऑप्टिक, म्हणजे फायबर जोडायची स्विचमधली उजेडाची मॉड्यूल, बदलत होते, एक जण कार्पेट उचकटून केबल कुठे दबलीय का बघत होता, आणि मी बाजूला टॉर्च धरून उभी. दोन तास, अगं. शेवटी टीम लीडने कंटाळून विचारलं की आज दुपारनंतर काय काय बदललं, तेव्हा तोंडातून निघालं. तो फक्त म्हणाला, कुठला स्विच? पाच मिनिटांत लिंक नीट झाली. ठाण्याची शेवटची लोकल गेली होती, पाच जणांनी दोन रिक्षा केल्या, माझे पैसे त्यानेच दिले आणि त्या विषयावर पुढे कधी एक शब्द काढला नाही. ओरडला असता तर मी एव्हाना विसरले असते.

तर तू काय कर, एक छोटी वही खिशात ठेव, ग्रुपवरचे मेसेज वाहून जातात. कशालाही हात लावलास की वेळ, खोकं, पोर्ट, काय केलं, एवढं लिही. कॉन्फिग बदललंस की तिथल्या तिथे मोठ्याने सांग, अगदी शेजारच्याला पटलं नाही तरी. आणि काही अडलं की पहिलं वाक्य हेच टाक, की पाच वाजता मी अमुक ठिकाणी होते, आधी तिथे बघा. दहापैकी नऊ वेळा तुझी चूक नसेलच, पण लोकांचं शोधायचं क्षेत्र कमी होतं ना. आणि पिंग करायचं तर मोठं कर, तुकडे न करण्याचा पर्याय लावून 8972 बाइटचं, 9000 मधले 28 हेडरला जातात म्हणून 8972. मी अजून कुठल्याही नव्या लिंकवर पहिलं तेच टाइप करते, ऑफिसातली पोरं हसतात.

लेबलचंही तसंच. केबलच्या दोन्ही टोकांना लाव, एका टोकाला लावलेलं लेबल म्हणजे अर्धा पत्ता लिहिलेलं पाकीट. आणि तुझं अक्षर डॉक्टरी आहे, लेबल प्रिंटर वापरच बाई.

आईला सांग फुकट राबणं वगैरे ठीक, पण ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज इतकी डेटा सेंटर झालीयत की इंटरव्ह्यूला पोरं ढिगाने येतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी चालू नेटवर्क पडलेलं कधी बघितलेलं नसतं, सगळं सिम्युलेटरवर. मी समोर बसलेली असते तेव्हा सर्टिफिकेट नंतर बघते, आधी विचारते की तू काय पाडलंस आणि कुणाला कधी सांगितलंस.

शेवटच्या दिवशी पळून येऊ नकोस. फोटो झाले की निम्मी टीम गायब होते, आणि उसनं सामान मोजून परत भरायला उरतात चार डोकी. ऑप्टिक्स छोट्या डब्यात टोपण लावून, सीरियल नंबर यादीशी जुळवून, केबल कोपरावर पीळ देऊन गुंडाळायची नाही, सैल वेटोळी. रात्री उशीर होणार, तेव्हा ट्रान्स-हार्बरच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेव आणि घरी सांगून ठेव, गाडी चुकली तर मला फोन कर, नाइट असेल तरी मी कोणाला तरी पाठवते.

रविवारी सकाळी घरी ये. माझ्याकडे जुनं क्रिम्पिंग टूल पडलंय आणि एक क्लीनर जवळजवळ नवा आहे, दोन्ही घेऊन जा, पण परत आण, क्लीनर माझा नाहीये.

– मावशी