हातावरची सूज आणि मऊ ब्रश

प्रश्न : स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या. तेव्हापासून उजवा हात सुजतो. घरी रोलर फिरवू का?

उत्तर : दातेरी रोलर नकोच. लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, कातडीच्या लगेच खाली असतात, जोराने त्या दबतात. लहान बाळाचा मऊ केसांचा ब्रश घ्या, कोरडाच. तेलाने तो घसरतो. उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात, म्हणून पाणी डावीकडे वळवायचं. आधी डाव्या काखेत बोटांनी १०-१५ हलकी वर्तुळं, मग छातीवरून उजवीकडून डावीकडे ब्रश. नंतर दंड, खांद्याच्या दिशेने. मनगट ते कोपर सगळ्यांत शेवटी. बहुतेकजणी मनगटापासूनच सुरुवात करतात. वरची वाट तुंबलेली असेल तर पाणी जाणार कुठे? कातडी लाल झाली, तर जोर जास्त पडला. हात गरम होऊन ताप आला, तर मालीश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.