बास्केटबॉलमध्ये बॅकअप पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, पण बेंचवरून येणारा राखीव गडी) स्कोअर करत नाही, तरी कोच त्याला का खेळवतात?
आमच्या भुसावळला सिमेंटच्या कोर्टवर मे महिन्यात सकाळीच चटके बसतात, तिथं एक पोरगा यायचा, बास्केट कधीमधीच पडायची त्याची पण समोरच्याला बॉल सुखानं पुढे नेऊ द्यायचा नाही, गोचिडासारखा चिकटायचा नुसता. हे स्कोअरशीटवर कुठं दिसतं भाऊ?

नियम बघ ना, बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला ८ सेकंद आणि अख्ख्या अटॅकला २४, याने फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर चिकटून अडवणं) करून ७ तिथंच खाल्ले की समोरच्यांना प्ले (ठरलेली चाल) लावायला उरले १७, आणि त्यांचा मेन गार्ड दमतो ते वेगळंच. २०२२ च्या एनबीए (अमेरिकेतली लीग) प्लेऑफमध्ये पेलिकन्स टीमच्या होजे अल्वाराडोने (ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथं, कोणी घेतलंच नव्हतं त्याला) ख्रिस पॉलसारख्या मुरलेल्या गड्याला ८ सेकंदात अर्धं कोर्ट ओलांडूच दिलं नव्हतं. कोपऱ्यात दबा धरून मागून बॉल उडवायची त्याची खोड तर बघच एकदा.

हां, उंच गार्ड समोर आला की डोक्यावरून शॉट मारून जातो, आणि फाऊल पण सांभाळावे लागतात, आपल्याकडे ५ झाले की बाहेर. म्हणून १०-१२ मिनिटंच सोडतात असल्याला.