वाचक विचारतात : मांडवीकाठची कांपाल बाग

प्रश्न : पणजीच्या कांपाल बागेत मुलांना घेऊन नेहमी जातो. मुलगी विचारते, हा पुतळा कुणाचा आणि 'कांपाल' म्हणजे काय? नीट उत्तर देता येत नाही. – एक वाचक, सांखळी

'कांपाल' हा शब्द पोर्तुगीज आहे. 'कांपु' म्हणजे मैदान, शेत, मोकळी जागा, त्यावरून कांपाल. मात्र ही मोकळी जागा निसर्गाने दिलेली नाही, हे मुलीला आधी सांगा. आजची पणजी ज्या सखल पट्ट्यावर आहे, तिथे एके काळी खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं), माडांच्या बागा आणि दलदल होती. जुनं गोवें शहर साथीच्या रोगांनी ओस पडत गेलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपलं बिऱ्हाड पणजीत आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवलं. शहर असं वसलं ते पुढे, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३५ या काळात. दलदली बुजवल्या गेल्या, सरळ रस्ते आखले गेले, सरकारी इमारती उभ्या राहिल्या. १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. कांपालचा सपाट काठ त्याच भरावाच्या कामाचा वारस आहे. वरून जमीन दिसते, पण जरा खोल खणलं की चिखल आणि खारं पाणी लागतं. या सदरातल्या पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची मुळं इथेच आहेत.

पुतळा डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा. बागेचं अधिकृत नावही त्यांचंच. जन्म १८२९ मध्ये साष्टीतल्या नावेलीत. पेशाने वैद्य, पण अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्हींवर पकड. गोव्याचे प्रतिनिधी म्हणून ते लिस्बनच्या संसदेत बसले. 'ऊश ब्राह्मनिश' ही त्यांची पोर्तुगीज कादंबरी १८६६ ची. १८६१ मध्ये फ्रेंच कवी लामार्तिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतासाठी स्वातंत्र्य मागितलं होतं. तेव्हा राष्ट्रीय सभा स्थापन व्हायला अजून चोवीस वर्षं होती! १८६९ मध्ये गोव्याला परतताना जहाजावरच त्यांचा अंत झाला. वय अवघं चाळीस. मुलीला एवढं सांगितलं तरी पुतळ्याकडे बघण्याची तिची नजर बदलेल.

प्रश्न : पणजीची 'जुनी बाग' म्हणजे हीच का? – एक वाचिका, डिचोली

नाही. आपण म्हणता ती चर्च चौकातली म्युनिसिपल गार्डन, गार्सिया द ओर्ता यांच्या नावाची. ओर्ता हे सोळाव्या शतकातले वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ती बाग शहराच्या पोटात आहे, कांपालची नदीच्या काठावर. पत्ता सांगताना रिक्षावाल्याला 'चर्चकडची' की 'कला अकादमीकडची' एवढं बोललात तर चुकामूक होणार नाही.

प्रश्न : पौर्णिमेला संध्याकाळी भरलेली मांडवी बघायला म्हणून पाहुण्यांना मुद्दाम नेलं, तर काठाला चिखल आणि वास. पाणी नेमकं कधी चढतं, हे घरबसल्या कसं कळेल? – एक वाचिका, म्हापसा

पौर्णिमेची संध्याकाळ निवडलीत, तिथेच गणित चुकलं. चूक फार जणांची होते, कारण मोठा चंद्र म्हणजे मोठं पाणी एवढंच आपल्या डोक्यात असतं. ते खरंही आहे. फक्त त्या दिवशी ते मोठं पाणी दुपारी आणि मध्यरात्री येतं, संध्याकाळी नव्हे.

कोकणपट्टीत एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशोब तोच. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी आणि ओहोटी या दोहोंच्या मध्ये, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांनी. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणूनच हा पाऊणपटीचा हिशोब जमतो. तासाभराचा फरक मात्र धरावा. अचूक वेळ हवी असेल तर मुरगांव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं.

आता पौर्णिमेचं बघा. भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास. आणि उधाणाची ओहोटीही उधाणासारखीच जोरकस असते, पाणी नेहमीपेक्षा जास्त खाली जातं. इथे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढउतार करतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर. चंद्र उगवायची वेळ आणि चिखल उघडा पडायची वेळ त्या दिवशी एकच. वास येतो तो या उघड्या चिखलाचा : हवा न लागलेल्या गाळात पालापाचोळा कुजून गंधकाचा वायू तयार होतो. जवळच सांतिनेजची खाडी मांडवीला मिळते. शहराच्या मधून येताना ती सांडपाणी आणि कचरा घेऊन येते, त्याची भर पडते ती वेगळीच. गाळाचा वास खाडीकाठाला असायचाच. सांडपाण्याचा वास मात्र शहराने दिलेला आहे, आणि तो मुकाट्याने सोसण्याचं कारण नाही.

तेव्हा पाहुण्यांना संध्याकाळी काठोकाठ नदी दाखवायची असेल तर शुद्ध षष्ठी ते अष्टमी निवडा. साडेचार ते सहाच्या दरम्यान पूर्ण भरती मिळेल. ते दिवस भांगाचे, म्हणून पाणी उंच चढणार नाही, पण काठ झाकलेला असेल आणि वर अर्धा चंद्र. काठावर आपटणारं उधाणाचंच पाणी हवं असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी भर दुपारी जायची तयारी ठेवा. इथल्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. कोष्टकात दोन्ही आकडे बघून मोठा निवडा.

प्रश्न : जुलैत कधी तासभर पाऊस पडला की कांपालच्या रस्त्यावर पाणी साचतं, कधी दिवसभर कोसळूनही साचत नाही. गटारं तीच, मग फरक कशाचा? – एक वाचक, ताळगांव

फरक भरतीचा. पावसाचं पाणी गटारातून नदीत पडतं, पण तोंडाशी नदीची पातळी गटारापेक्षा वर असेल तर पाणी जाणार कुठे? उलट नदीच आत शिरू बघते. ओहोटीला तीच गटारं तासाभरात मोकळी होतात. वर दिलेलं पाऊणपटीचं गणित इथेही लागू : जुलैतल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान जोराची सर आली तर सखल रस्त्यावर गाडी लावू नये.

यावरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. खाजनाच्या बांधाला असलेली मानस, म्हणजे पाण्याची झडप, आठवा. तिची लाकडी दारं अशी टांगलेली असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. शहरातल्या गटारांच्या तोंडाशी लोखंडी किंवा रबरी झडपा बसवतात, त्यांचं तत्त्व हेच. त्या निकामी होतात त्याही ठरलेल्या कारणांनी : फटीत प्लास्टिकची पिशवी किंवा नारळाची करवंटी अडकते आणि दार अर्धं उघडं राहतं, नाहीतर बाहेर गाळ साचून ते उघडतच नाही. मानशीची देखभाल करायला गावकरी नेमलेले असत. झडपेलाही मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात दर उधाणाआधी कुणीतरी हात लावायला हवा. वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न 'पाणी का तुंबतं?' हा नको. 'आपल्या गटाराच्या तोंडाची झडप शेवटची कधी साफ केली?' हा हवा. त्याला तारखेतच उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना नदीकाठ आणि जुन्या इमारती दाखवायच्या आहेत. किती चालवावं? – एक वाचक, फोंडा

जुन्या सचिवालयापासून मिरामारपर्यंत अंतर सुमारे तीन किलोमीटर, रस्ता पूर्ण सपाट. पण सगळं चालवू नका. सचिवालयाजवळ उतरून आदिलशहाचा वाडा आणि शेजारचा आबे फारिया यांचा पुतळा बघा (मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत, १९४५). मग गाडीने किंवा मिरामारच्या बसने कांपालला या. वाटेत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दिसेल. त्या विद्यालयाची स्थापना १८४२ ची. बागेत सावलीचं बाकडं पकडा आणि समोर बघा : पलीकडच्या तीरावर रेईश मागुशचा किल्ला, १५५१ चा. १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता, डागडुजी होऊन २०१२ मध्ये तो लोकांना खुला झाला. किल्ला चढण्यापेक्षा गुडघे दुखणाऱ्यांना तो या काठावरूनच जास्त चांगला दिसतो. शेवटी कला अकादमी. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी इमारत मुद्दाम बुटकी ठेवली आणि रस्त्यावरून थेट नदीपर्यंत आरपार मोकळी वाट दिली. नदी सर्वांची आहे, हे इतक्या साध्या रीतीने सांगणारी दुसरी इमारत पणजीत नाही. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव असतो, कार्निव्हल आणि शिगमोत्सवाच्या मिरवणुकांनाही गर्दी होते. ते दिवस टाळा.

प्रश्न : आमच्या गावी खाडीकाठी पंचायतीची थोडी जागा आहे. कांपालसारखी सावली हवी म्हणून गेल्या वर्षी पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर लावले. निम्मे मे महिन्यात सुकले, दोन ऑगस्टमध्ये आडवे झाले. काय चुकलं? – एका युवक मंडळाचे सदस्य, पेडणे

दोन वेगळ्या चुका आहेत.

मे महिन्यात झाडं सुकली ती खारामुळे. पावसाळ्यात गोव्याच्या नद्या मुखापाशीही जवळजवळ गोड्या होतात. पाऊस थांबला की समुद्र आत सरकू लागतो आणि मांडवीसारख्या नदीत भरतीचा परिणाम गांजेपर्यंत, पन्नासेक किलोमीटर आत पोचतो. एप्रिल-मेमध्ये जमिनीखालचं पाणीही खारं होतं. रोप जूनपासून छान वाढतं, आपण निर्धास्त होतो, आणि त्याची मुळं खाऱ्या थरात पोचतात ती नेमकी उन्हाळ्यात. आधी माती तपासून घ्या. विद्युतवाहकता चार डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर आली तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. अशा जागी खड्डा खोल खणू नये, तो खाऱ्या पाण्याची विहीरच होतो. उलट दीड मीटर व्यासाचा, अर्धा मीटर उंच मातीचा उंचवटा करा, त्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा आणि त्यावर रोप लावा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेले की लगेच लावा; म्हणजे वरचा खार धुऊन जातो आणि रोपाला चार महिने गोडं पाणी मिळतं. पहिले दोन उन्हाळे दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंधरा-वीस लिटर गोडं पाणी, एकदम आणि सावकाश. रोज तांब्याभर पाणी घातलं तर खार वरच साचतो. ते न घातलेलंच बरं.

झाडं निवडायची ती या काठाचीच. पहिल्या रांगेत उंडी, भेंड आणि माड, मागे करंज. उंडीला वेळ लागतो, पण तिच्यासारखी दाट, वाऱ्याला न हटणारी सावली किनाऱ्यावर दुसरी नाही. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर. आंबा-फणस पाण्यापासून लांब, उंच जागी. चिखलात आपोआप आलेली तिवरं-कांदळं तोडू नका. तसं करायला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी मनाई आहे, आणि लाटांपासून तुमचा काठ तीच सांभाळतात.

ऑगस्टमध्ये झाडं पडली त्याचं कारण मुळांत शोधा. पर्जन्यवृक्ष हा दक्षिण अमेरिकेकडून आलेला, छत्री अफाट आणि मुळं उथळ पसरणारी. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. भिजून मऊ झालेल्या भरावावर पश्चिमेचा वारा आला की अशी झाडं मुळांसकट उलटतात. कांपालचे जुने वृक्ष तग धरून आहेत, कारण त्यांना पसरायला मोकळी जमीन मिळाली. जिथे खोडापर्यंत फरशा बसवतात, केबलसाठी चर खणून एका बाजूची मुळं छाटतात, तिथे मोठं झाडही दोन-तीन पावसाळ्यांत कलतं. तुमच्या बागेत प्रत्येक खोडाभोवती किमान दीड मीटर त्रिज्येची जमीन उघडी ठेवा. सिमेंटचा कट्टा नको. बसायला चिऱ्यांचा, चुना-सिमेंट न भरलेला बाक थोडा लांब करा.

रोपाला आधाराची काठी पश्चिमेकडून द्या, दोरी सुंभाची आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, म्हणजे खोड थोडं हलतं राहून जाड होतं. दुसऱ्या दिवाळीला काठी काढून टाका.