फोटोवाली की शेवाळवाली?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ॲना ॲटकिन्स हा विषय घेतलाय. तिचे बाबा म्हणतात, ही बाई फोटोवाली. पानं कागदावर ठेवून उन्हात धरायची, यात वनस्पतिशास्त्र कुठं आलं? आणि तसे निळे ठसे घरी जमतील का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बाबांना आधी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पाठवा. घाटाच्या पायरीवरचं चिमूटभर शेवाळ आणून त्याचं पेन्सिलीनं चित्र काढायला सांगा. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला मी हेच बघत आले. स्पायरोगायरा हे धाग्यासारखं शेवाळ म्हटलं की मुलं जर्नलात दोन समांतर रेघा ओढून मोकळी!

ॲनाची अडचण हीच होती. इतक्या बारीक वनस्पतींची अचूक चित्रं काढणं कठीण, असं तिनं आपल्या शैवालांच्या निळ्या ठशांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. बरं, तिचा हात कच्चा होता म्हणावं, तर वडिलांनी फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कच्या शंखशिंपल्यांवरच्या लेखनाचं भाषांतर केलं, त्यातल्या सुमारे अडीचशे आकृत्या तिनंच काढलेल्या.

जन्म १७९९, केंटमधलं टनब्रिज. आई तान्हेपणीच गेली. वडील ब्रिटिश म्युझियममध्ये. १८३९ मध्ये ती लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीची सभासद झाली. १८४१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वीचं ब्रिटिश शैवालांवरचं पुस्तक आलं, पण त्यात चित्रं नव्हती. पुढच्याच वर्षी वडिलांचे स्नेही जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची, म्हणजे या निळ्या ठशांची, रीत शोधली आणि १८४३ पासून दहा वर्षं ॲना हार्वीची नावं घेऊन एकेक शैवाल छापत राहिली. निगेटिव्ह नाही, त्यामुळे प्रत्येक प्रतीतल्या प्रत्येक पानासाठी नमुना नव्यानं मांडायचा, ऊन द्यायचं, धुवायचं. प्रस्तावनेखाली सही फक्त 'ए. ए.', पुढे कुणीतरी त्याचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला, घ्या! १८६५ मध्ये तिनं स्वतःचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. बाबांना एवढं वाचून दाखवा.

आता घरचं काम. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्हींची वेगवेगळी द्रावणं करून सारख्या मापानं एकत्र करायची. हातमोजे घाला, आणि या द्रावणात ॲसिड अजिबात जाऊ देऊ नका. कागदाला पातळ हात मारून अंधारात वाळवा. शेवाळ ओलं ठेवलंत तर लेप विरघळेल. ते आधी पाण्यात काचेच्या पट्टीवर पसरून वाळू द्या. गच्चीवर ऊन लागलं की उघडा कागद पिवळट हिरव्यावरून करड्या रंगावर जातो. घड्याळ कशाला, तो करडेपणाच बघा. उन्हामुळे लोहक्षाराचं रूप बदलतं आणि त्यातून निळं रंगद्रव्य तयार होतं; झाकलेल्या जागी ते होत नाही. मग पिवळं पाणी उतरायचं थांबेपर्यंत धुवा. निळा रंग वाळताना आणखी गडद होतो.

सुरुवात शेवाळानं नको, हंसराज नावाच्या नेच्यानं (फर्न) करा. जुन्या विहिरीच्या ओल्या कडेला मिळतो, नाहीतर नर्सरीत. ठसा सुरेख येईल. मात्र पानाच्या दुमडलेल्या कडेखालचे बीजाणू त्यात उमटणार नाहीत. त्यांच्यासाठी मुलीला भिंग आणि पेन्सिल घेऊन बसावंच लागेल.