वाचकांचे प्रश्न : बटर कुकीज मऊ हव्यात, सादळलेल्या नकोत

नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बटर कुकीजबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सोयीसाठी सगळीकडे १०० ग्रॅम बटरचं पाकीट हे माप धरलं आहे.

दुकानातल्या डब्यातल्या बटर कुकीज कुरकुरीत असतात. मला मुलांसाठी मऊ, तोंडात विरघळणाऱ्या हव्यात. घरी केल्या की पहिल्या दिवशी कडक होतात आणि तिसऱ्या दिवशी सादळतात. नेमकं प्रमाण आणि कृती द्याल का? (ठाणे)

तुमची कुकी पहिल्या दिवशी कडक होते, याचा अर्थ ती ओव्हनमध्येच कोरडी पडते. तिसऱ्या दिवशी येतो तो मऊपणा नव्हे, तो हवेतला दमटपणा. मऊ कुकीत ओलावा भाजतानाच आत राखलेला असतो. तो राखायला तीन गोष्टी लागतात : थोडा बलक किंवा दूध, पीठ न मळणं आणि वेळेवर बाहेर काढणं. तिसरी सगळ्यांत जास्त चुकते.

प्रमाण साधारण १८ कुकीजचं. बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, दूध १ टेबलस्पून, व्हॅनिला इसेन्स अर्धा टीस्पून, मैदा १४० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर पाव टीस्पून घाला. कॉर्नफ्लोअरला पर्याय म्हणून व्हॅनिला कस्टर्ड पावडर चालते, ती म्हणजे रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच. मैद्याचा काही भाग असा बदलला की चिवटपणा आणणारं ग्लुटेन कमी होतं.

बटर आणि चाळलेली पिठीसाखर बीटरवर मध्यम वेगाने दोन मिनिटं फेटा. हाताने, लाकडी डावाने फेटणार असाल तर पाच-सहा मिनिटं लागतात. पिवळा रंग फिकट होऊन मलईसारखा दिसला की थांबा. जास्त फेटलं तर मिश्रणात हवा फार भरते, कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि मग बसून चपटी होते. आता बलक, दूध आणि इसेन्स घालून जेमतेम अर्धा मिनिट फिरवा. कोरडं सगळं एकत्र दोनदा चाळून घाला आणि बीटर बाजूला ठेवून स्पॅच्युलाने खालून वर असं मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. पोळ्यांच्या कणकेची सवय असलेल्या हाताला इथे फार मोह होतो, पण हे पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं.

झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग २० ग्रॅमचे, म्हणजे साधारण पेढ्याएवढे गोळे करून एक सेंटीमीटर जाडीचे दाबा आणि तीन-तीन बोटं अंतरावर मांडा. ओव्हन १७० अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं आधी तापवलेला हवा. मधल्या जाळीवर ११ ते १३ मिनिटं भाजा.

अकराव्या मिनिटाला दार न उघडता काचेतून नीट बघा. कडेला दोन-तीन मिलिमीटरची फिकट सोनेरी रेघ दिसेल, मधला भाग पांढुरकाच असेल, पण वरची ओली चमक गेलेली असेल. दार उघडून बोटाने मध्यभागी हलकं टेकवलं तर खळगा पडेल. कच्ची राहिली असं वाटेल आणि आणखी दोन मिनिटं ठेवायचा मोह होईल. त्याच दोन मिनिटांत कुकी कडक होते. बाहेर काढा आणि ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या. गरम ट्रेवर ती आतून पुरी होते आणि उचलण्याइतकी घट्ट बसते. लगेच उचललीत तर मधोमध मोडेल. पाच मिनिटांनी मात्र जाळीवर काढाच, नाहीतर खालून भाजत राहते.

कृती तंतोतंत पाळली तरी ट्रेवर सगळ्या कुकीज पसरून एकच मोठी पोळी झाली. बटर ओट्यावर ठेवून छान मऊ केलं होतं. (मुंबई)

बिघाड त्या «छान मऊ»मध्येच आहे. फेटायला बटर १८ ते २० अंशांवर हवं. डिसेंबरातसुद्धा मुंबईच्या स्वयंपाकघरात २८-३० अंश सहज असतात, तिथे तासभर ठेवलेलं बटर कडेने तेलकट होतं. तेलकट बटर हवा धरत नाही, आणि ओव्हनमध्ये पीठ घट्ट व्हायच्या आधीच ते वितळून गोळा पसरतो. पुण्यात किंवा नाशिकात थंडीच्या सकाळी तास लागेल, पण मुंबईत फ्रिजमधून काढून लहान तुकडे केले की १५-२० मिनिटं पुरतात. बोटाने दाबून बघा. खळगा पडून तसाच राहिला आणि बोट तुपकट झालं नाही तर बरोबर. वर चकाकी दिसली तर दहा मिनिटं परत फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करू नका, आतून वितळतं आणि बाहेरून घट्ट दिसतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. पहिला घाणा काढल्यावर त्याच गरम ट्रेवर दुसरे गोळे मांडले का? मग ते ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळायला लागतात. ट्रे नळाखाली गार करून, पुसून घ्या. आणि मैदा वाटीने मोजला का? चमच्याने हलक्या हाताने भरून वर सपाट केलेल्या २४० मिलिलिटरच्या कपात १२०-१२५ ग्रॅम मैदा मावतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्याशा कृतीत २५ ग्रॅमचा फरक म्हणजे एकदा पसरट आणि एकदा दगड. डिजिटल वजनकाटा घ्या. बेकिंगसाठी एकच वस्तू घेणार असाल तर बीटरच्या आधी तोच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी भरपूर लोणी निघतं. बाजारचं बटर न आणता त्या लोण्याच्या किंवा साजूक तुपाच्या कुकीज होतील का? (सांगली)

होतील, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. घरच्या लोण्यात ताक आणि पाणी राहिलेलं असतं. बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, घरच्या लोण्यात तो प्रत्येक वेळी वेगळा. म्हणून लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी पांढरं यायचं थांबलं की पंचात गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये टांगून ठेवा आणि मग वापरा. तरीही पीठ चिकट वाटलं तर १० ग्रॅम मैदा वाढवा. आंबूस लोणी कुकीत लपत नाही, ते कढवून तूपच करा.

तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे ग्लुटेन धरत नाही आणि कुकी मऊ न होता खुसखुशीत होते, म्हणजे थेट नानकटाई. दिवाळीच्या आधी रवा-मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत द्यायची आणि तिथल्या भट्टीत भाजलेली बिस्किटं पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, ही पद्धत तुमच्या भागात माहीत असेलच. ती बिस्किटं खुसखुशीतच असायला हवीत, टिकायचीही तशीच. तुपाच्या मऊ कुकीज हव्या असतील तर १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम थिजलेलं रवाळ तूप घ्या आणि वरच्या प्रमाणात आणखी १ टेबलस्पून दूध घाला. पातळ तूप घेऊ नका, ते फेटलं जात नाही.

आम्ही अंडं खात नाही. दही घालून केल्या तर आंबट आणि करड्या रंगाच्या झाल्या. (इंदूर)

दह्यासोबत खायचा सोडा घातला असणार आणि तोही जास्त. सोड्याला आंबटाची जोड लागते. ती पुरी पडली नाही तर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि रंग काळपटवतो. दही-सोड्याच्या फंदात न पडता बलक आणि दूध यांच्या जागी २ टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क आणि २ टीस्पून दूध घाला, पिठीसाखर ८० ऐवजी ६० ग्रॅम करा. बाकी सगळं तसंच. अंड्याशिवायच्या कुकीजमध्ये आम्हाला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते. एक लक्षात ठेवा, कंडेन्स्ड मिल्कमुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे १६० अंशांवर भाजा आणि दहाव्या मिनिटापासून नजर ठेवा.

ओटीजीमध्ये, म्हणजे कॉइलच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, कुकीज खालून करपतात आणि वरून पांढऱ्या राहतात. (छत्रपती संभाजीनगर)

लहान ओटीजीत खालची कॉइल ट्रेच्या फार जवळ असते. ट्रे मधल्या किंवा त्याच्या वरच्या जाळीवर ठेवा, वरच्या-खालच्या दोन्ही कॉइल चालू असू द्या, आणि काळा पातळ ट्रे असेल तर त्याखाली दुसरा ट्रे किंवा जाड ॲल्युमिनियमची ताटली ठेवा. तापमानाच्या खटक्यावर विसंबू नका. त्यावर १७० लिहिलेलं असताना आत २०-२५ अंश कमी किंवा जास्त असणं नेहमीचं आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा आणला की वर्षानुवर्षांचे तर्क संपतात. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी करा.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनीही विचारलं आहे, त्यांच्यासाठी इथेच : जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. मग मंद आचेवर १८-२० मिनिटांत एका वेळी पाच-सहा कुकीज होतात. वरून रंग येत नाही, म्हणून रंगाची वाट बघू नका, कडा घट्ट झाल्या की काढा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून, पाणी न घालता. साधा मायक्रोवेव्ह यासाठी उपयोगाचा नाही, आत गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन लागतो.

मुलांना तारे, झाडं असे साच्याने कापलेले आकार हवे असतात. भाजताना सगळ्यांचे ढग होतात. (वसई)

बेकिंग पावडर पूर्ण वगळा आणि मैदा २० ग्रॅम वाढवा. पीठ दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून सहा-सात मिलिमीटर जाड लाटा, लाटलेल्या अवस्थेतच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग साचा मारा. कापलेले आकार ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. पातळ लाटलेल्या कुकीज मऊ राहतच नाहीत, तेव्हा जाडीशी तडजोड करू नका. ताऱ्याची टोकं आधी लाल होतात, म्हणून टोकं कमी असलेले साचे निवडा. वरून साखरेचं आयसिंग करणार असाल तर पिठातली साखर ७० ग्रॅमवर आणा.

कणीक किंवा नाचणी वापरून पौष्टिक करता येतील का? (पुणे)

निम्म्या मैद्याच्या जागी कणीक चालेल. कोंडा पाणी शोषतो म्हणून १ टेबलस्पून दूध जास्त घाला आणि पीठ २० मिनिटं मुरू द्या. नाचणीत ग्लुटेन नाही, ४० ग्रॅमच्या पुढे गेलात तर कुकी हातात भुगा होते. बटर आणि साखर तेवढीच राहते, त्यामुळे पौष्टिक या शब्दाबद्दल फार आशा ठेवू नका.

मऊ कुकीज किती दिवस टिकतात? होस्टेलवर मुलीला पाठवायच्या आहेत. (कोल्हापूर)

पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात पाच-सहा दिवस छान राहतात. कोमट असताना डबा लावला तर आत वाफ धरते आणि त्या खरोखरच सादळतात, पुढे बुरशीचीही भीती. दोन-तीन दिवसांनी कोरड्या वाटल्या तर पावाचा एक स्लाइस डब्यात ठेवा. पावातला ओलावा कुकीज घेतात, पाव कडक होतो. तो रोज बदला. चकल्या किंवा शंकरपाळे असलेल्या डब्यात मात्र कुकीज ठेवू नका, कुकीजचा ओलावा शंकरपाळे खातात आणि दोन्ही बिघडतात.

पाठवायच्या असतील तर दोन-दोन कुकीज पाठीला पाठ लावून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा आणि कडक डब्यात उभ्या रचा, आडव्या नाही. उभ्या रचल्या की वरच्यांचा भार खालच्यांवर येत नाही. डबा हलवून बघा, आवाज आला तर रिकाम्या जागेत टिश्यू कोंबा.

इथे अमेरिकेत बटर कांड्यांमध्ये मिळतं आणि ओव्हन फॅरेनहाइटचा. तुमचं प्रमाण कसं बसवायचं? आणि पीठ आधी करून ठेवता येतं का? (न्यू जर्सी)

एक कांडी ११३ ग्रॅमची असते. तिला साखर ९० ग्रॅम, मैदा म्हणून तिथलं ऑल पर्पज पीठ १५५ ग्रॅम, कॉर्नस्टार्च २० ग्रॅम, दूध १ टेबलस्पून आणि थोडं वर. बलक एकच. ओव्हन ३४० फॅरेनहाइट. तिथल्या तयार पिठीसाखरेत स्टार्च असतोच, तरी कॉर्नस्टार्च कमी करू नका.

पीठ आधी नक्की करून ठेवा. चार सेंटीमीटर व्यासाची सुरळी वळून बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळली की फ्रिजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. सुरळी फ्रीझरमधून काढल्यावर दहा मिनिटांनी सुरीने एक सेंटीमीटरचे काप करा, पूर्ण वितळायची वाट न बघता ओव्हनमध्ये ढकला आणि नेहमीपेक्षा दीड-दोन मिनिटं जास्त द्या. काप करताना सुरळी प्रत्येक वेळी पाव वळसा फिरवत राहा, नाहीतर एका बाजूने दबून शेवटच्या कुकीज अर्धचंद्राच्या होतात.